शुद्धीवर आला, भानावर केव्हा?

हॉस्टेलवर राहणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी 'पेशंटसोबतचा माणूस' व्हावंच लागतं. कुणाला डेंग्यू होतो, कुणी क्रिकेट खेळताना हात मोडून घेतो, कुणाचं अपेंडिक्स ऐन सबमिशनच्या आठवड्यात दुखायला लागतं. मागच्या सेमिस्टरला ही पाळी माझ्यावर आली आणि मी त्या विषयात साफ नापास झालो. नापास का झालो याचा नंतर बराच अभ्यास केला. तो तुमच्यापुढे मांडावा म्हणून हा लेखप्रपंच.

सगळं कसं ठरल्याप्रमाणे

माझा रूम पार्टनर अम्या. त्याच्या नाकाचा पडदा वाकडा, त्यामुळे रात्री त्याचं घोरणं म्हणजे वर्कशॉपमधलं शेपिंग मशीन. मिडसेम संपल्यावर एकदाचं ऑपरेशन ठरलं. पूर्ण भूल द्यायची, पण 'डे केअर' पद्धतीने, म्हणजे सकाळी दाखल आणि संध्याकाळी सुट्टी. गावाहून त्याचा दादा आला होता. दुपारी एकच्या सुमाराला अम्याला आत नेलं, अडीचपर्यंत तो बाहेर आला. साडेतीनला चहा मागत होता. पाचला स्वतःच्या पायांनी बाथरूमला जाऊन आला. नाकावर भलंमोठं बँडेज, आवाज गेंगाणा, पण स्वारी एकदम खुशीत. सिस्टरनी नाव विचारलं, वार विचारला, सगळं बरोबर सांगितलं. वर "सिस्टर, ओरल्सला पण एवढे सोपे प्रश्न विचारत नाहीत हो" असा विनोदही केला.

साडेपाचला सुट्टी झाली. दादा बिलाच्या काउंटरवर होता आणि मी खाली मेडिकलमध्ये गोळ्या घेत होतो. नेमक्या त्याच वेळी सिस्टरनी अम्याला सूचना दिल्या. गोळी कधी घ्यायची, नाक शिंकरायचं नाही, उशी उंच ठेवायची, वगैरे. "समजलं ना?" "हो सिस्टर." सूचनांचा छापील कागदही मिळाला. तो फाईलमध्ये गेला, फाईल बॅगेत गेली आणि बॅग कॉटखाली गेली.

दादाला रात्रीची एसटी पकडायची होती. "बघशील ना रे याच्याकडे?" म्हणाला. मी म्हटलं, "दादा, तुम्ही निर्धास्त जा."

सात वाजता मी अम्याला दुखण्याची गोळी दिली आणि मेसला गेलो. सव्वाआठला परत येऊन बघतो तर गोळ्यांच्या स्ट्रिपमध्ये दोन घरं रिकामी! "दुखत होतं म्हणून घेतली. तू गोळी दिलीच नव्हतीस," अम्या शपथेवर सांगत होता. वाद घातला. तेवढ्यात बँडेजवर लाल डाग दिसला आणि माझे हातपाय गार पडले. दुखण्याच्या काही गोळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो एवढं मला ऐकून माहीत होतं. रुग्णालयात फोन केला. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, "त्याला बसता ठेवा, रात्री आणखी गोळी देऊ नका, रक्त वाढलं तर लगेच घेऊन या." सुदैवाने वाढलं नाही. पण ती रात्र मी खुर्चीत बसून काढली.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. अम्याला सिस्टरच्या सूचना आठवत नव्हत्या. दादा कधी गेला ते आठवत नव्हतं. ओरल्सचा विनोद तर मीच त्याला सांगितला. तो हसला आणि म्हणाला, "मी बोललो असं? भारी आहे की!"

म्हणजे बोलणारा, चालणारा, विनोद करणारा अम्या शुद्धीवर होता, पण भानावर नव्हता. आणि हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही, त्याला स्वतःला तर नाहीच.

दहापैकी नऊ गुण, तरीही

पेशंटला घरी सोडायचं हे कशावरून ठरवतात? त्यासाठी चक्क मार्क देतात. सन १९७० मध्ये अल्ड्रेटी नावाच्या भूलतज्ज्ञाने एक गुणपद्धती मांडली. हातपाय हलवणं, श्वास, रक्तदाब, शुद्ध आणि त्वचेचा रंग हे तिचे पाच विषय, प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण १०. नवजात बाळाला जन्मल्याबरोबर गुण देण्याची व्हर्जिनिया अॅपगार यांची पद्धत १९५३ पासून होतीच, तिच्यावरून ही सुचली. पुढे १९९५ मध्ये रंगाच्या जागी रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण आलं, कारण तोवर बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सर्वत्र पोचला होता. नऊ गुण मिळाले की पेशंट भुलीनंतरच्या खोलीतून पुढे सरकतो.

घरी सोडण्यासाठी टोरांटोच्या फ्रान्सिस चुंग आणि सहकाऱ्यांनी वेगळी पद्धत तयार केली. नाडी-रक्तदाब, चालणं, मळमळ-उलटी, वेदना आणि रक्तस्राव. इथेही प्रत्येकी दोन गुण आणि नऊला पास.

या पद्धती उत्तम आहेत. त्या सोप्या आहेत, पटकन होतात आणि त्यांनी असंख्य लोक सुखरूप घरी गेले आहेत. पण यादी पुन्हा वाचा. पहिल्या यादीत मनासाठी एकच रकाना आहे: पूर्ण जागा असेल तर २, हाक मारल्यावर जागा होत असेल तर १, नाहीतर ०. दुसऱ्या यादीत तर तोही नाही. 'सांगितलेलं लक्षात राहतं का?' हा प्रश्न कुठेच नाही. अम्याला दोन्हीकडे नऊ-दहा गुण मिळाले असतील, आणि ते योग्यच होते. ज्या विषयात तो कच्चा होता त्याचा पेपरच नव्हता.

टाकीतलं पाणी

आता आपल्या भाषेत बोलू. भुलीसाठी बहुतेक वेळा प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेतून देतात. ते टोचल्यावर अर्ध्या-एक मिनिटात माणूस झोपतो आणि एकच डोस असेल तर पाच-दहा मिनिटांत जागाही होतो. मग दहा मिनिटांत औषध शरीराबाहेर गेलं का? अजिबात नाही.

तीन टाक्या एकमेकींना नळांनी जोडल्या आहेत अशी कल्पना करा. पहिली छोटी आणि जाड नळाची, ती मेंदू. दुसरी मोठी, मध्यम नळाची, ते स्नायू. तिसरी प्रचंड, पण बारीक नळाची, ती चरबी. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण रक्तपुरवठा भरपूर. त्यामुळे औषध आधी तिथे भरतं आणि माणूस झोपतो. मग हळूहळू स्नायूंची टाकी भरू लागते, मेंदूतली पातळी उतरते आणि माणूस जागा होतो. म्हणजे औषध मेंदूतून निघालं, पण बरंचसं शरीरातच आहे. ते काढून टाकायचं काम यकृत पुढचे काही तास करत बसतं. तासभर सलग औषध चालू असेल तर बाकीच्या टाक्याही भरत जातात आणि पातळी उतरायला जास्त वेळ लागतो.

वायूरूप भुलीचं गणित वेगळं. तिथे वायू रक्तात किती विरघळतो ते महत्त्वाचं. जुन्या ईथरचा हा गुणांक साधारण १२, हॅलोथेनचा २.४ च्या आसपास, आयसोफ्लुरेनचा १.४, सेव्होफ्लुरेनचा ०.६५ आणि डेसफ्लुरेनचा ०.४२. आकडा जितका कमी तितका वायू रक्तात कमी अडकतो आणि फुप्फुसांवाटे लवकर बाहेर पडतो. प्रोपोफॉल आणि हे नवे वायू आल्यामुळे 'सकाळी या, संध्याकाळी जा' हे इतकं सहज जमू लागलं. कल्पना मात्र जुनीच. ग्लासगोच्या जेम्स निकोल यांनी १९०९ मध्येच लहान मुलांच्या जवळजवळ ९ हजार शस्त्रक्रिया अशा पद्धतीने केल्याचं मांडलं होतं. मूल घरी आईजवळच चांगलं सांभाळलं जातं असं त्यांचं म्हणणं. लक्षात घ्या, तेव्हाही घरी सांभाळणारं माणूस हा त्या पद्धतीचा अर्धा भाग होता.

रॅम चालू, हार्डडिस्क बंद

जाग येणं म्हणजे एक स्विच चालू होणं नव्हे. आधी डोळे उघडतात, मग माणूस सांगितलेलं ऐकतो, मग नाव, जागा, वार सांगतो. लक्ष एकाग्र करणं, झटकन निर्णय घेणं आणि नवीन गोष्ट लक्षात ठेवणं ही वरच्या मजल्यावरची कामं. त्यांना उशीर लागतो.

त्यातही आठवणीचा भाग फसवा. भुलीआधी भीती कमी व्हावी म्हणून पुष्कळदा मिडाझोलाम देतात. त्याचा एक ठरलेला गुण म्हणजे, त्याचा अंमल असेपर्यंत नव्या आठवणी तयार होत नाहीत. ऑपरेशनपूर्वीची धाकधूक आठवू नये यासाठी हा गुण उपयोगी पडतो. पण अशा माणसाशी तुम्ही गप्पा मारू शकता. तो आत्ता ऐकलेल्या वाक्याला बरोबर उत्तर देतो, कारण तेवढ्यापुरती रॅम चालू असते. सेव्ह मात्र काहीच होत नसतं.

अम्याच्या बाबतीत नेमका दोष कोणत्या औषधाचा हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आदल्या रात्रीची अपुरी झोप, उपवास, वेदनाशामक औषधांची गुंगी, सगळंच त्यात आलं. पण एक गोष्ट नक्की: "समजलं ना?" "हो" एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

मन मोजायचं कसं?

हे मोजण्याचा खटाटोप बराच जुना आहे. १९६९ मध्ये ट्रिगर आणि सहकाऱ्यांनी एक साधी चाचणी वापरली. ठिपक्यांनी काढलेली एक आकृती द्यायची आणि पेशंटने पेन्सिलीने ठिपके जोडायचे. किती ठिपके चुकले आणि रेघ किती लांबून गेली ते मोजायचं. आमच्या ड्रॉइंग हॉलमध्ये काहीजण भुलीशिवायही यात नापास होतील, ते सोडा.

दुसरी चाचणी चिन्हांची. वरती १ ते ९ आकडे, प्रत्येकाखाली एक चिन्ह. खाली आकड्यांच्या ओळी, त्यांच्याखाली योग्य चिन्हं भरायची, ९० सेकंदांत होतील तितकी. यात नजर, हात, लक्ष आणि वेग चारही एकदम तपासले जातात.

तिसरी, प्रतिक्रियेचा वेळ. दिवा लागला की बटण दाबायचं. हे रूमवरही करता येतं. मित्राने पट्टी उभी धरून अचानक सोडायची, आपण दोन बोटांत पकडायची. पट्टी १५ सेंमी घसरली तर वेळ सुमारे ०.१७ सेकंद, २० सेंमी घसरली तर ०.२० सेकंद. सूत्र अकरावीचंच.

चौथी, लुकलुकणारा दिवा. त्याची वारंवारता वाढवत नेली की एका टप्प्यावर तो स्थिर दिसायला लागतो. गुंगीत हा टप्पा खाली येतो. आणि पाचवी, शब्दांची यादी. यादी वाचून दाखवायची, मध्ये दुसरं काम द्यायचं आणि थोड्या वेळाने विचारायचं. अम्या इथे नक्की सापडला असता.

मोजपट्टीचीच परीक्षा

मला वाटलं, एवढ्या चाचण्या आहेत तर प्रत्येक रुग्णालयात त्या का करत नाहीत? मग मी चिन्हांचा तक्ता बनवून आमच्या विंगमधल्या पोरांवर प्रयोग केला आणि उत्तर मिळालं. अर्ध्या तासाने तोच तक्ता पुन्हा दिला तर जवळजवळ सगळ्यांचे गुण वाढले. कुणालाही भूल दिलेली नव्हती, नुसता सराव झाला होता. आता विचार करा, ऑपरेशनआधी आणि नंतर तीच चाचणी घेतली आणि गुण तेवढेच आले, तर माणूस पूर्ववत झाला का? नाही, कारण गुण वाढायला हवे होते. म्हणून नीट अभ्यासात भूल न दिलेल्या लोकांचा गटही ठेवतात आणि त्यांच्यात सरावाने झालेली वाढ वजा करतात.

दुसरी अडचण शून्याची, म्हणजे कॅलिब्रेशनची. सगळ्यांना एकच कटऑफ लावून चालत नाही. तल्लख माणूस निम्म्यावर आला तरी पास होईल आणि मुळात हळू असणारा ठीक असूनही नापास होईल. म्हणून माणसाची तुलना त्याच्याशीच करावी लागते. पण 'आधीची' चाचणी घ्यायची कधी? ऑपरेशनच्या सकाळी तो उपाशी, घाबरलेला आणि अर्धवट झोपलेला असतो. शून्यच चुकीचं लागलं तर पुढची सगळी मापं चुकणार.

तिसरी गोष्ट, वेदना, मळमळ आणि झोप यांनीही गुण कमी होतात. मग आपण भूल मोजली की दुखणं?

या अडचणी ध्यानात घेऊन मेलबर्नचे कॉलिन रॉयस आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक पट्टी प्रसिद्ध केली. तिच्यात शरीर, वेदना-मळमळ, मनःस्थिती, रोजची कामं आणि बुद्धी हे भाग वेगवेगळे मोजतात, तेही ठरावीक अंतराने अनेकदा. बुद्धीच्या भागात नाव-गाव सांगणं, आकडे सुलट म्हणणं, उलट म्हणणं, शब्द आठवणं आणि शब्द सुचणं अशा छोट्या चाचण्या आहेत. तुलना त्या माणसाच्या आधीच्या गुणांशीच. निरोगी माणसाचे गुणही दिवसागणिक थोडे खालीवर होतात, म्हणून पुढे तेवढी सवलतही धरली गेली. आपल्या मेट्रॉलॉजीच्या लॅबमध्ये टॉलरन्स म्हणतात, तेच हे.

चोवीस तास कशासाठी?

सूचनांच्या कागदावर 'चोवीस तास गाडी चालवू नये, महत्त्वाच्या कागदांवर सही करू नये, मद्य घेऊ नये' असं असतं. मला ते विम्याच्या बारीक अक्षरांसारखं वाटायचं. २००५ मध्ये फ्रान्सिस चुंग यांच्याच गटाने डे केअरच्या २० पेशंटना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवलं. ऑपरेशननंतर दोन तासांनी त्यांचं लक्ष आणि गाडीवरचा ताबा निरोगी लोकांपेक्षा कमी होता. चोवीस तासांनी फरक उरला नाही. गंमत म्हणजे ऑपरेशनच्या आधीही ते कमीच होते. म्हणजे वर म्हटलेली शून्याची अडचण खरीच आहे.

हे झालं सर्वसाधारण पेशंटचं. वयस्कर माणसांचं वेगळं. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठी ओलांडलेल्या १,२१८ लोकांची मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तपासणी झाली. आठवड्याने सुमारे २६ टक्के लोकांची आणि तीन महिन्यांनी सुमारे १० टक्के लोकांची स्मरणशक्ती वा एकाग्रता आधीपेक्षा खालावलेली आढळली. छोट्या शस्त्रक्रियांचा तसाच अभ्यास २००३ मध्ये आला. त्यात आठवड्याने हे प्रमाण जवळपास ७ टक्केच होतं. त्याच दिवशी घरी गेलेल्यांत ३.५ टक्के, तर रुग्णालयात राहिलेल्यांत ९.८ टक्के. यावरून लगेच 'घरी गेलं की मेंदू ठीक' असं म्हणू नका. रुग्णालयात ठेवलेले लोक मुळातच जास्त नाजूक असू शकतात. तरीही गावी आजोबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं आणि आठवडाभर ते किल्ल्या विसरत राहिले, तर 'म्हातारपण' म्हणून हसण्यावारी नेऊ नये, डॉक्टरांच्या कानावर घालावं.

आपण काय करायचं?

रुग्णालयात मोठ्या चाचण्या होवोत न होवोत, सोबतच्या माणसाने करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्याला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही.

सुट्टीच्या वेळी सूचना ऐकायला पेशंटशेजारी शुद्धीतला, औषध न घेतलेला माणूस हवाच. बिल दहा मिनिटांनी भरलं तरी चालतं. कागद फाईलमध्ये न ठेवता रूमच्या दारावर चिकटवा. गोळ्यांचा ताबा आपल्याकडे ठेवा आणि दिलेली वेळ तिथेच लिहा. आपल्या आठवणीवरही विसंबू नका. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. मेसला जायचं असेल तर शेजारच्या रूममधल्या कुणाला तरी बसवा. बाईकची किल्ली काढून घ्या. फोनवरून पैसे पाठवणं, ओटीपी सांगणं, कुठला फॉर्म भरणं हे दुसऱ्या दिवसावर टाका. फॉर्मची शेवटची तारीख असेल तर तो ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच भरून मोकळे व्हा. आणि तो फारच झोपाळू होऊ लागला, हाकेला उत्तर देईना, असंबद्ध बोलू लागला, श्वास जड झाला किंवा रक्त थांबेना, तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

रेक्टर सरांना आणि स्टाफमधल्या मंडळींनाही एक विनंती. असा विद्यार्थी परत येतो तेव्हा 'चालतोय, बोलतोय, ठीक आहे' असं समजून त्याला दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या टेस्टला बसवू नये. एक दिवस थांबायला हरकत नसावी.

सगळ्यात महत्त्वाचं, पेशंटला "तू बरा आहेस ना?" विचारून त्याच्या उत्तरावर जाऊ नका. ज्या यंत्रात बिघाड आहे त्यालाच बिघाड मोजायला लावल्यासारखं आहे ते. बरा आहे असं अम्यालाही अगदी मनापासून वाटत होतं.

परवा अम्याच्या दादाचा फोन आला होता. त्याच्या शेजारच्या मुलाचं ऑपरेशन आहे, संध्याकाळीच सोडणार आहेत, सोबत कोण जाईल अशी चौकशी. अम्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "दादा, याला पाठवतो. हा त्या विषयात एकदा नापास झालाय, आता अभ्यास पक्का आहे."

आता अम्या घोरत नाही. स्ट्रिपमधली ती दोन रिकामी घरं मात्र माझ्या लक्षात राहिली आहेत.